दंड कोणाला?

१९१७ साली छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा त्यात दंडाची तरतूद होती. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाने दरमहा एक रुपया भरायचा. त्या काळी रोजंदारीवर जगणाऱ्याला एक रुपया म्हणजे अनेक दिवसांची मजुरी. बडोद्यात सयाजीरावांनी अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात सक्ती आणली होती. तिथेही जबाबदार धरला तो पालकच. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. शेतकऱ्यांच्या सारा-पट्टीवर चालणारे सरकार त्याच शेतकऱ्यांच्या मुलांसाठी काय खर्च करते, हा त्यांचा सवाल होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात याच धर्तीचे विधेयक मांडले आणि पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले.

हे सगळे घडत होते तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात होती. परभणी जिल्ह्यातले एक छावणीचे गाव. राज्यकारभार उर्दूत, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, आणि खासगी शाळा काढायची तरी परवानगी लागायची. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मराठी मुलखाला जोडला गेला. राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती, म्हणजे १९६० पर्यंतची. कोल्हापूरकर त्या शर्यतीत चाळीस वर्षे आधीच धावत होते. हिंगोलीच्या सेनगाव-कळमनुरीकडे पहिली पिढी नुकती पाटीला हात लावत होती. शिक्षणाच्या कायद्याचा गरिबांना किती उपयोग झाला, असे विचारताना जिल्ह्याजिल्ह्यांतली ही तफावत बहुधा विसरली जाते. हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. २०११ च्या जनगणनेत इथली साक्षरता ७८ टक्क्यांच्या आसपास होती, राज्याची ८२ च्या वर. बायकांचा आकडा जिल्ह्याच्या सरासरीहून बराच खाली.

कायद्याचे शब्द वाचताना मी एकच गोष्ट आधी शोधतो: हा कायदा बांधतो कोणाला? कर्तव्य कोणाच्या गळ्यात पडते आणि ते पाळले नाही तर कोणाचे काय बिघडते? शाहू महाराजांचा कायदा बापाला बांधत होता. २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा यांनी ही गाठ उलटी बांधली. या कायद्याच्या आठव्या कलमात सक्ती आहे ती सरकारवर. प्रवेश, उपस्थिती आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होणे या तिन्ही गोष्टींची हमी सरकारने द्यायची. दहाव्या कलमात आईबापाचेही कर्तव्य सांगितले आहे, पण दंड नाही. ज्याच्या घरात संध्याकाळच्या भाकरीची भ्रांत आहे त्याला दंड करून मूल शाळेत येत नाही, एवढे आपल्याला शतकभरात कळले म्हणायचे.

हा बदल मोठा होता आणि त्याची फळे दिसली. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दाखला आधीच्या शाळेतून यायचा आहे म्हणून मूल दाराबाहेर ठेवता येत नाही. वयानुरूप वर्गात बसवावे लागते. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात या एका किलोमीटरचे मोल पुण्यात बसून कळणार नाही. सेनगाव आणि हिंगोली तालुक्यांतले बंजारा तांडे मूळ गावापासून दूर माळावर, कळमनुरीकडची आंध आदिवासींची गावे डोंगरकडेला. मध्ये एखादा ओढा, पावसाळ्यात कयाधूला पूर. सहा वर्षांच्या पोराला आई एकटे पलीकडे पाठवत नाही, आणि तिच्याबरोबर जायला घरात दुसरे कोणी नसते. २००० च्या सुमारास राज्यात वस्तीशाळा सुरू झाल्या. तुटपुंज्या मानधनावर गावातलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी निमशिक्षक म्हणून उभी राहिली, आणि पुढे त्यातल्या कित्येक जिल्हा परिषदेच्या नियमित शाळा झाल्या. शाळा मुलाकडे चालत आली की मूल शाळेत येते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत भरवशाचा धडा हाच, आणि तो कायद्यापेक्षा जुना आहे.

म्हणूनच पट कमी म्हणून शाळा बंद करण्याचा सरकारी उत्साह मला धोक्याचा वाटतो. २०१७ च्या अखेरीस राज्याने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत मिसळायचे ठरवले. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, शासन निर्णयाने वीसपर्यंत पट असलेल्या शाळेत एकच नियमित शिक्षक ठेवून दुसऱ्या जागी गरजेप्रमाणे निवृत्त शिक्षक नेमण्याची वाट काढली. कायद्याचे परिशिष्ट मात्र साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक सांगते. एक गुरुजी, चार-पाच इयत्ता, वर पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरायची. त्यांना शिकवायला वेळ मिळतो तो उरलासुरला.

शहरात ‘आरटीई’ म्हटले की लोकांना एकच आठवते: खासगी शाळेतल्या २५ टक्के जागा. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीने, उत्पन्नाची अट वर्षाला एक लाखाच्या आत, अनुसूचित जाती-जमातींसारख्या वंचित गटांना उत्पन्नाची अट नाही. राज्यात दरवर्षी साधारण एक लाख जागा निघतात आणि अर्ज त्याच्या दुप्पट-तिप्पट येतात. एका मुलामागे शाळेला सरकारकडून वर्षाला कमाल १७,६७० रुपये मिळायचे असे ठरले, आणि ते वेळेवर मिळत नाहीत ही संस्थाचालकांची कायमची तक्रार. इथे कायद्याने खासगी शाळेला बांधले खरे, पण दोरीचे दुसरे टोक सरकारच्या हातात सैल राहिले.

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियमच बदलून टाकला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांतून सूट. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती आली, १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला. हक्क कायद्यात लिहिलेला असला की असा लढा देता येतो. योजनेसाठी तो देता येत नाही. योजना एका परिपत्रकाने येते आणि दुसऱ्याने जाते.

पण हिंगोलीत या २५ टक्क्यांचा पसारा किती? स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा हिंगोली, वसमत, कळमनुरी या शहरांत आणि मोठ्या बाजारगावांत. जिल्ह्यातले पाचांत चारहून अधिक लोक खेड्यांत राहतात. तांड्यावरच्या मुलाला किलोमीटरच्या अटीतच ती शाळा सापडत नाही. शिवाय खासगी शाळेत गेलेले गरिबाचे मूल जास्त शिकते का, हाही प्रश्न उघडा आहे. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी सोडतीने खासगी शाळेत गेलेल्या आणि न गेलेल्या मुलांची चार वर्षांनी तुलना केली. तेलुगू आणि गणितात फरक नव्हता, हिंदीत खासगीतली मुले पुढे होती, कारण सरकारी शाळेत हिंदीला तास जवळजवळ नव्हतेच. खासगी शाळेचा खर्च मात्र सरकारीच्या सुमारे एक तृतीयांश. दिल्लीत गौतम राव यांनी वेगळेच काही पाहिले: गरीब वर्गमित्रांबरोबर बसलेली श्रीमंत मुले अधिक उदार वागू लागली, भेदभाव कमी करू लागली. म्हणजे अशा राखीव जागांचा खात्रीने दिसलेला फायदा श्रीमंतांच्या मुलांना झाला! तोही काही कमी नाही, पण कायदा त्यांच्यासाठी केला नव्हता.

आता शिकण्याकडे वळू. ‘असर’ या देशव्यापी ग्रामीण पाहणीत २०१० साली पाचवीच्या ५३.७ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता. २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांना. मध्ये कोरोनाची दोन वर्षे गेली हे धरूनही, चौदा वर्षांच्या कायद्याने वाचन पुढे नेले असे कोणी म्हणू शकणार नाही. याच काळात सहा ते चौदा वयाची शाळाबाह्य मुले दोन टक्क्यांच्या खाली आली. कायद्याने जे मागितले ते मिळाले. भिंती, शौचालय, वर्गखोल्या, पटावरचे नाव ही मागणी होती. मुलाला वाचता आले पाहिजे, असे बंधन त्यात कोणावरच नव्हते.

मग तसे बंधन घातले तर? अमेरिकेने ते करून पाहिले. २००२ मध्ये तिथे आलेल्या कायद्याने प्रत्येक शाळेतल्या गरीब, कृष्णवर्णीय, परभाषक मुलांचे गुण वेगळे मोजायला लावले आणि २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले वाचन-गणितात पारंगत झाली पाहिजेत असे फर्मान काढले. गुण नाहीत तर शाळेवर कारवाई. काही राज्यांनी परीक्षाच सोप्या केल्या. अटलांटा शहरात शिक्षकांनी मुलांच्या उत्तरपत्रिका स्वतःच दुरुस्त केल्या आणि २०१५ मध्ये अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. त्याच वर्षाअखेरीस तो कायदा मोडीत काढून नवा आणला गेला.

अटलांटाला हसू नये. आपल्याकडे गुण मोजत नव्हते, पट मोजत होते, तर आपण पट फुगवला. पटावर शिक्षकांची पदे ठरतात, अनुदान ठरते, तांदूळ ठरतो. हिंगोलीच्या शेजारच्या नांदेडमध्ये जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळाशाळांतून एकाच वेळी मोजणी करवली आणि हजारो नावे नुसती कागदावर असल्याचे निघाले. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली. एका शाळेतली मुले दुसऱ्या शाळेत नेऊन बसवू नयेत म्हणून पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. लाखो नावे गळाली. कायद्याने मुलांची हजेरी मागितली आणि यंत्रणेने ती लिहून दिली, इतके सरळ.

जिथे शिकणे खरेच वाढले ते प्रयोग साधे आहेत, आणि त्यातला एक आपल्या मुंबईतला. ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना ‘बालसखी’ म्हणून नेमले. मागे पडलेली मुले तिने रोज दोनेक तास वेगळी घ्यायची, इयत्ता विसरून त्यांना जिथपर्यंत येते तिथून शिकवायचे. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी त्याची पद्धतशीर तपासणी केली. सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागच्या मुलांना झाला. तांड्यावरच्या पहिलीतल्या मुलासाठी हे आणखी महत्त्वाचे, कारण घरी तो गोरमाटी बोलतो आणि शाळेत पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठी कानावर आदळते. शक्य तोवर मातृभाषेतून शिकवा, असे कायद्याचे २९ वे कलम म्हणते. ‘शक्य तोवर’ या दोन शब्दांत सगळी पळवाट आहे.

मुलींचे आणखी वेगळे. कायदा चौदाव्या वर्षी, आठवीला थांबतो. नववीची शाळा दुसऱ्या गावाला, मध्ये पाच-सात किलोमीटर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यात वीस ते चोवीस वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. परभणीत हेच प्रमाण ४८ टक्के, आणि हिंगोलीत दर तिघींत एकीहून जास्त. शाळा सुटते म्हणून लग्न होते की लग्न ठरते म्हणून शाळा सुटते, याचा वाद घालण्यात अर्थ नाही. घरात दोन्ही एकाच संध्याकाळी ठरते. इथे उपयोगी पडल्या त्या मानव विकास कार्यक्रमाच्या सायकली आणि मुलींसाठी सोडलेल्या एसटी बस. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा मुलींचे नववीतले प्रवेश सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले, आणि तेही मुख्यतः ज्या गावांपासून हायस्कूल दूर होते तिथे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते अठरा वयाचे शिक्षण सार्वत्रिक करण्याची भाषा आहे. हक्काचा कायदा मात्र सहा ते चौदावरच आहे. रस्त्यात एसटी बंद पडली तर पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाजूने कोणतेही कलम उभे राहत नाही.

आणि आता ज्यांच्यापुढे सगळे कायदे थकतात त्या मुलांकडे. दसरा झाला, सोयाबीन निघाले की जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांतून आणि तांड्यांवरून टोळ्या ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर निघतात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे बाई मागे राहू शकत नाही, आणि बाई गेली की मूल जाते. फडावर दहा-अकरा वर्षांची मुलगी कोपीत धाकट्याला सांभाळते, थोडा मोठा मुलगा वाढे गोळा करतो, मोळ्या बांधायला हात लावतो. हंगाम संपून कुटुंब परतते तेव्हा होळी-पाडवा उलटलेला असतो. कायद्यात प्राथमिकचे २०० दिवस आणि उच्च प्राथमिकचे २२० दिवस लिहिले आहेत. या मुलांच्या वाट्याला त्यातले निम्मे आले तरी पुष्कळ.

त्यांच्यासाठी कायद्याआधी ‘साखर शाळा’ होत्या. औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेने कारखान्यांच्या आवारात, कोप्यांच्या शेजारी त्या चालवल्या होत्या. हक्काचा कायदा आला आणि अशा अनौपचारिक शाळा बसेनाशा झाल्या. मूल जिथे जाईल तिथल्या नियमित शाळेत घाला, असे ठरले. तत्त्व म्हणून हे बरोबर होते. गरिबाच्या मुलाला दुय्यम शाळा का? प्रत्यक्षात पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडाजवळची शाळा दोन-तीन किलोमीटरवर, भाषा कधी कन्नड, आणि टोळी पंधरा दिवसांनी पुढच्या फडावर. मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड असते. ते कार्ड विचारणारे फडावर कोणी नसते.

दुसरा उपाय हंगामी वसतिगृहांचा. मूल आजी-आजोबांकडे गावातच राहते आणि शाळा व्यवस्थापन समिती त्याला सकाळ-संध्याकाळचे जेवण देते. मला या योजनेतले शहाणपण आवडते. तिने मुलाला उपटले नाही, आईबापाला दोष दिला नाही, फक्त एक हिशेब मांडला: घरी राहिलेल्या मुलाला खाऊ कोण घालणार? पण हा उपाय वेळेवर जगतो. मंजुरी दिवाळीपूर्वी आली तर मूल थांबते. टोळ्यांचे ट्रॅक्टर निघाल्यावर आली, तर मागे उरतात ती ज्यांना जायचेच नव्हते अशी मुले.

या मुलांसाठी कायद्यात तरतूद नाही असे नाही. नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाने आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची आहे, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून द्यायचा आहे. स्थानिक प्राधिकरण म्हणजे खेड्यात जिल्हा परिषद. कोणत्या? मूल हिंगोलीच्या पटावर, अंगाने सांगलीत किंवा बेळगावात. हिंगोलीचे मुख्याध्यापक नाव कमी करत नाहीत, कारण पट घटतो. तिकडचे नाव घालत नाहीत, कारण ते मार्चमध्ये जाणारच. तक्रार करायची तर ३२ व्या कलमाप्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडेच, म्हणजे शाळा चालवणाराच न्याय करणार, तीन महिन्यांत. तीन महिन्यांत फड संपतो. अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे, मुंबईत. शिवाय हिंगोलीसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. मग गावकऱ्याने धरायचे कोणाला, तर निवडून आलेला सदस्यच नव्हता.

या सगळ्या साखळीत ज्याचा फायदा आहे तो, म्हणजे कारखाना, शिक्षणाच्या कायद्यात कुठेच नाही. त्याचा करार मुकादमाशी, मुकादमाचा मजुराशी, मुलाचा कोणाशीच नाही. अलीकडे यात एक फट पडली आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढीच भर घालायची असे ठरले, आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली. शाहू महाराजांचा एक रुपया बापाकडून येत होता. हे दहा रुपये निदान योग्य दारातून येतात. सेनगावच्या तांड्यावर त्यातून काय पोचले ते पाहायचे असेल तर दसऱ्याच्या आठवड्यात जावे. कोणत्या घरातले कोण, कोणत्या कारखान्याला निघाले हे मुकादमाच्या वहीत गणपतीपासूनच लिहिलेले असते. नवव्या कलमातली नोंदवही त्या वहीवरून उतरवून घ्यायला गटशिक्षणाधिकाऱ्याला एक दुपार पुरेल.